दोन अक्षरांची जागा

सरांच्या शर्टाचा खिसा कायम पांढरा असायचा. शर्ट निळा असो नाहीतर खाकी, खिसा पांढरा. शाळेत उरलेला खडूचा तुकडा फेकायचा नाही, खिशात टाकायचा, आणि संध्याकाळी सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेनं चालत घरी यायचं, ही त्यांची रोजची रीत. सायकल चांगली होती. पण तिच्यावर बसलेले सर मी फार कमी वेळा पाहिले. बसलं की बोर्ड नीट वाचून होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

सर हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे आणि माझे भाडेकरू होते. पुणे-नाशिक रस्त्याला कळंबला माझं पेंटरचं दुकान होतं, मागं दोन खोल्या, त्यातली एक सरांना दिलेली. दुकान आता नाही, पण पेंटर मी आहेच. मंचरपासून पुढं नारायणगावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माझ्या हातचे बोर्ड उभे असायचे, आणि ते माझे आहेत हे लांबून कळायचं.

शाळा माझी चौथीपर्यंत झाली, तीही महाळुंगे पडवळला आणि तीही सुगीचे दिवस सोडून. इंग्रजी मला वाचता येत नाही, काढता येतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. देऊळ बांधणाऱ्या गवंड्याला कुणी विचारतं का, बाबा, तुला पूजा सांगता येते का म्हणून? 'बी' म्हणजे माझ्या लेखी एक काठी आणि तिला दोन पोटं. ती पोटं मी काढायचो तशी तालुक्यात कुणी काढून दाखवावीत.

माझे दोन नियम होते. पहिला, चिठ्ठी. गिऱ्हाईकानं कागदावर मजकूर लिहून आणायचा, मागं सही करायची, आणि जे कागदावर ते पत्र्यावर. एक रेघ इकडं नाही, तिकडं नाही. हा नियम मी ठेच खाऊन शिकलो होतो. एका मांडवाच्या बोर्डावर नवरदेवाच्या आडनावात मला चूक वाटली, ती मी आपण होऊन सुधारली, आणि ते आडनाव मुळात तसंच निघालं. वरात दारात उभी आणि मी शिडीवर. तेव्हापासून चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

दुसरा नियम, मध्य. नवशिका पेंटर डाव्या कडेपासून सुरू करतो आणि उजवीकडं गेला की शेवटची अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसतात. मी अक्षरं आधी मोजायचो, पत्र्याला दोरी लावून मध्य काढायचो, मधलं अक्षर पहिलं, आणि मग दोन्ही अंगांनी बाहेर. डावीकडं चार बोटं जागा सुटली तर उजवीकडंही चारच. अख्ख्या हयातीत माझा एक बोर्ड कलला नाही की एकात जागा कमी पडली नाही. हे मी कुणालाही सांगायचो. कुणी विचारायची वाट बघायचो नाही.

आणि अशा माझ्या दुकानात सर पहिल्यांदा आले ते खोली बघायला. खोली राहिली बाजूला. दारात एक इंग्रजी बोर्ड वाळत ठेवला होता, 'रिमोल्ड टायर'. सर त्याच्यासमोर उभे राहिले, मान एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर.

"हे टायर रिमोल्ड करून झालेत ना?"

"व्हय. जुन्यावर नवं रबर चढवूनच इकत्यात."

"मग रिमोल्डेड म्हणा. मागे ई आणि डी लावा."

मी म्हणालो, टायरवाल्याला सांगा, माझ्याकडं चिठ्ठी हाय. सरांनी चिठ्ठी मागितली, उलटून सही बघितली आणि म्हणाले, काम झाल्यावर अशा चिठ्ठ्या तुम्ही काय करता? मी म्हटलं, चुलीत. तर म्हणाले, मला देत जा. झालं, भाडं ठरलं. खोली त्यांनी बघितली ती दुसऱ्या दिवशी सामान आल्यावरच.

माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मग त्यांच्या एका जाड वहीत चिकटू लागल्या. प्रत्येकीच्या खाली लाल शाईत दुरुस्ती. पोराबाळांच्या वह्या तपासून भागत नव्हतं म्हणून ते माझा धंदा तपासत होते.

त्यांचं दुखणं एकच होतं. आपल्याकडचे लोक इंग्रजीत वस्तूचं नाव लिहिताना तिच्यावर काय काम झालंय ते अर्धवट लिहितात, हे त्यांना सहन व्हायचं नाही. एकदा संध्याकाळी माझ्या स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं. म्हणाले, "पेंटर, आपल्या आयाबहिणी यात कधी चुकत नाहीत. निवडलेले गहू. भिजवलेली डाळ. वाळलेली मिरची. सारवलेलं अंगण. कुणी सारव अंगण म्हणतं का? तोच मराठी माणूस इंग्रजीत शिरला की झालेलं काम न झालेलं करून टाकतो. झालंय ना? मग झालेलं म्हणा."

हे शेवटचं वाक्य त्यांचं कायमचं. झालंय ना, मग झालेलं म्हणा. शाळेतली पोरं त्यांच्या माघारी हेच म्हणून हसायची, आणि मोठी झाली की तीच पोरं आपापल्या पोरांना ऐकवायची. त्यांचा एक जुना विद्यार्थी एसटीत कंडक्टर होता. सरांनी दिलेली नोट त्यानं परत केली आणि अदबीनं म्हणाला, "सर, टॉर्न नोट आहे." फाटकी नोट म्हणाला असता तर सर कदाचित वाद घालत बसले असते. पण त्यानं असं बरोबर इंग्रजी म्हटल्यावर सरांचं तोंड असं उजळलं की ते मंचरपर्यंत सगळ्या गाडीला सांगत गेले, हा माझा विद्यार्थी. नोट चालली नाही याचं काहीच नाही.

सर एकटे. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. आईला दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. उजेड-अंधार कळायचा तेवढाच. पण त्या खोलीत ती अशी वावरायची की नवख्याला वर्षभर कळलं नसतं. रांजणापर्यंत सात पावलं, उंबरा आठव्याला, नळापाशी भिंतीला एक खळगा होता तो हाताला लागला की वाकायचं. सरांच्या इंग्रजीचं तिला काही नव्हतं. मला म्हणायची, "ल्हानपनी गोठ्यात दावी मोजीत बसायचा. एखादं उलटं टांगलेलं असलं की झोपायचा न्हाई. आता इंग्रजीची दावी मोजतोय, दुसरं काय."

मी सरांचं ऐकून घ्यायचो, पण मानायचो नाही. मला वाटायचं, दोन अक्षरांनी काय बिघडतं? ते एकदाच थोडं हललं. दुकानाच्या शेजारी माझी चुलती राहायची. पेरून उरलेलं मक्याचं संकरित बी तिनं कोंबड्यांना टाकायला काढलं होतं. बियांवरचा गुलाबी रंग धुऊन टाकते आणि घालते म्हणाली. सर दारावरून जाताना थांबले, पुडकं हातात घेतलं, वाचलं. म्हणाले, "ट्रीटेड सीड. औषध लावून झालेलं बी. इथं दोन अक्षरं छापलीत म्हणून कळतंय की विष आधीच लागलंय, ते नुसतं धुऊन जाणार नाही." चुलतीनं पुडकं जमिनीत पुरलं. कोंबड्या पुढं दोन वर्षं अंडी देत होत्या. मला त्या दिवशी वाटलं, या माणसाच्या बोलण्यात काहीतरी आहे. पण वाटलं म्हणून लगेच कबूल करणारा मी नव्हे.

आता अंड्यांचं आलंच आहे तर मूळ गोष्टीवर येतो.

बबनशेठ म्हणून आमचे एक होते. घर शेतकऱ्याचं, जमीन चिक्कार, पण रस्त्याकडच्या तुकड्यात त्यांनी हॉटेल टाकलं आणि लोक शेठ म्हणायला लागले. शाळेच्या कमिटीवरही होते. पुण्याकडच्या गाड्या थांबाव्यात म्हणून त्यांनी रस्त्याला एक वेगळा बोर्ड लावायचं ठरवलं. चिठ्ठी आणली, मागं सही, मजकूर: 'बॉइल एग'. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत.

तो बोर्ड माझ्या आयुष्यातल्या पहिल्या पाचात बसेल. डावीकडं चार अक्षरं, उजवीकडं तीन. तसा तो कलायला पाहिजे. पण डावीकडच्या चारात एक नुसती उभी काठी, त्यामुळं वजन सारखं झालं. आणि दोन शब्दांच्या बरोबर मधे, दोरी लावून काढलेल्या मध्यावर, मी अंडं काढलं. लाल पत्र्यावर पांढरं शुभ्र, एका अंगाला सावली. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला वाटावं, कुणीतरी आत्ता सोलून ठेवलंय. खाली कोपऱ्यात माझी सही.

सर गळ्यात माळ घालणारे, अंड्याला आयुष्यात शिवले नव्हते. पण त्या अंड्यासाठी त्यांनी जे केलं ते खाणाऱ्यांनी कधी केलं नसतं. पहिल्याच दिवशी ते बबनशेठच्या गल्ल्यापाशी जाऊन म्हणाले, "शेठ, तुमच्या बोर्डाचा अर्थ होतो, अंडं उकड. तुम्ही गिऱ्हाईकाला हुकूम सोडताय. त्यानं गाडी थांबवून आत येऊन स्वतः उकडायचं का?"

बबनशेठ म्हणाले, गिऱ्हाईकाला कळतंय सर, तुमी चहा घ्या. सरांनी चहा घेतला आणि जाताना खिशातला खडू काढून 'एल' आणि अंडं यांच्या फटीत मुंगीएवढी ई आणि डी लिहून गेले. हॉटेलच्या वेटरनं ती पुसली. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा लिहिली. पुन्हा पुसली. असं दोन पावसाळे चाललं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एक करमणूक झाली होती. मी बघायचो आणि गप्प बसायचो, कारण खडू पुसता येतो.

मग एका रविवारी मी मंचरला गेलो असताना सरांनी माझ्या दुकानातला लाल ऑइल पेंटचा डबा आणि माझा चार नंबरचा ब्रश घेतला आणि ती दोन अक्षरं पक्क्या रंगात काढून टाकली. फटीत ब्रश शिरेना, म्हणून थेट अंड्यावर. माझ्या पांढऱ्या अंड्याच्या पोटावर लाल ई आणि लाल डी, दोन्ही वाकडी, डीचा ओघळ खाली आलेला. सोमवारी एका गाडीवाल्यानं हॉटेलात शिरता शिरता विचारलं, ते अंड्याला काय लागलंय, रक्त का?

बबनशेठ चिडले ते असे की दुपारीच दुकानात आले. "पेंटर, बोर्ड तुझा, रंग तुझा, बुरूस तुझा. कमिटीत अर्ज देतोय. तू बी सही कर."

मी म्हणालो, करतो. मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला होता. मला न विचारता माझ्या ब्रशला हात लावणं हे मी सख्ख्या भावाला करू दिलं नव्हतं.

बबनशेठनी पुढचं सांगितलं. संस्थेची एक शाळा पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याला होती, एसटी दिवसातून एकदा. तिकडं सरांची बदली करायची, अध्यक्षांशी बोलणं झालंय. "तिथं वाचायला रस्त्याला एक बोर्ड न्हाई," बबनशेठ म्हणाले. "बरे ऱ्हातील."

संध्याकाळी मी सरांना सुनवायला मागच्या खोलीकडं गेलो. सर अजून आले नव्हते. आई दारात बसून तांदूळ निवडत होती, बोटांनी, एक एक खडा चिमटीत धरून बाजूला. माझी पावलं ओळखून म्हणाली, "काल त्याच्या हाताला रंगाचा वास येत व्हता. तुमचाच न्हवं?"

मी म्हणालो, व्हय, माझाच.

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. "बदलीचं दुपारी भिंतीपल्याडनं कानावर आलंय माझ्या. त्यो कुटंबी शिकवंल. मला मातर आता नवं घर नको वाटतं, पेंटर. हितली भित माझ्या हाताला कळली. आता दुसरी भित वळखाया दिवस न्हाईत ऱ्हायले." एवढंच बोलली आणि तांदळाचं सूप माझ्याकडं सरकवून म्हणाली, बघा बरं, एखादा खडा ऱ्हायला का.

एकही खडा राहिला नव्हता. सरांना सुनवायचं ते माझ्या तोंडातच राहिलं.

कमिटी शनिवारी दुपारी बसली, हेडमास्तरांच्या खोलीत. अध्यक्ष म्हणजे आमचे नाना, मोठे द्राक्षबागायतदार, माणूस हसरा पण शिस्तीचा. बबनशेठ, हेडमास्तर, अजून दोन मेंबर. सर एका कडेला, काखेत ती जाडी वही. आणि मी दारापाशी, हातात टोपी. बबनशेठनी अर्ज वाचला. सरांनी खाजगी मालमत्तेची खराबी केली, पेंटरच्या कामाचा अपमान केला, शाळेची अब्रू घालवली. मग अर्ज माझ्यापुढं आला आणि पेनही.

मी पेन घेतलं नाही. मी म्हणालो, "नाना, सरांची यात काय बी चूक न्हाई. चिठ्ठीत ती दोन अक्षरं व्हती. माझ्याकडनं जागा कमी पडली. मग मीच सरांना म्हणालो, कुटं बसतील तिथं बसवा."

मी काय बोललो ते सगळ्यांना कळलं होतं. 'माझ्या बोर्डात जागा कमी पडत नाही' हे माझं वाक्य त्या खोलीतल्या प्रत्येकानं माझ्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं होतं. हे बोलताना माझे कान तापले होते, आजही लिहिताना तापतात. नानांनी अर्जाचा कागद खाली ठेवला. प्रकरण तिथंच मिटलं होतं.

तेवढ्यात सर उभे राहिले.

"हे खोटं आहे," सर म्हणाले. "चिठ्ठीत ती अक्षरं नव्हती. पेंटरची जागा कमी पडलेली नाही. त्यांची जागा कधीच कमी पडत नाही." आणि वही उघडून त्यांनी बबनशेठची चिठ्ठी नानांपुढं धरली. मागं सही, तारीख, सगळं. "रंग मी न विचारता घेतला. ब्रशही."

मी म्हणालो, "बसा की सर खाली."

"बसतो. पण आधी हे दुरुस्त होऊ द्या."

"मी सांगतोय ना, माझी चूक झाली म्हणून."

"झालेली नाही. न झालेल्या चुकीला झालेली कसं म्हणता?"

मला आता खरोखरच राग आला. इतक्या वर्षांची शेखी मी या माणसासाठी चारचौघांत मोडली आणि हा तिचे तुकडे गोळा करून मला परत देत होता. मी म्हणालो, बोर्ड माझा हाय, त्यात काय चुकलं ते मी ठरवणार. सर म्हणाले, ठरवा, पण पुराव्यानं. आम्ही दोघं भर कमिटीत एकमेकांवर आवाज चढवून भांडत होतो, आणि दोघंही दुसऱ्याच्या बाजूनं.

नानांना हसू आवरेना. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "सर," ते म्हणाले, "हा तुमच्या बाजूनं बोलतोय आन् तुमी त्यालाच खोटं पाडताय?"

"बाजू माझी आहे, नाना," सर म्हणाले, "पण वाक्य चुकीचं आहे."

त्यावर हेडमास्तरही हसले. ते हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नाना बबनशेठकडं वळले. ती अक्षरं नसली तर अर्थ काय होतो म्हणाले, सरांनी सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे बबन, दोन वरसं झाली तू पुण्याच्या लोकांना हुकूम सोडतोयस, अंडं उकडा म्हणून?"

बबनशेठ म्हणाले, "एकानंबी उकडलं न्हाई अजून."

इथं बबनशेठ स्वतःच हसले आणि अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून खिशात घातला. नानांनी निकाल दिला. बदली नाही. येत्या रविवारी पेंटरनं बोर्ड नव्यानं करायचा, सरांनी शिडी धरायची, आणि बबननं दोघांना चहा पाजायचा. मग सरांकडं बोट करून म्हणाले, आन् दुसऱ्याच्या बुरसाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. सर म्हणाले, बरोबर आहे.

घरी येताना सर सायकल धरून माझ्या बाजूनं चालत होते. दुकानापाशी आल्यावर सर म्हणाले, "तुम्ही असं बोलायला नको होतं." मी म्हणालो, तुमीबी. एवढेच आभार मानले आम्ही एकमेकांचे. आतून आईचा आवाज आला, चहा ठेवलाय.

रविवारी सरांनी आधी मला चिठ्ठी दिली. कागदावर स्वच्छ अक्षरात मजकूर, मागं त्यांची सही आणि खाली बबनशेठचीही. मी पत्रा धुऊन घासून पुन्हा लाल केला, दोरी लावली. आता नऊ अक्षरं. अंडं मधे बसेना, ते मी वर नेलं. मध्यापासून दोन्ही अंगांनी काढत गेलो आणि पाचव्या-सहाव्या अक्षराची जागा रिकामी ठेवली. शिडीवरनं खाली उतरलो आणि ब्रश सरांपुढं धरला.

सर म्हणाले, "मी?"

"चिठ्ठी तुमची हाय. अक्षरं तुमची. चढा."

मी शिडी धरली. ते चढले. खडूचा हात वेगळा आणि ब्रशचा वेगळा. ई जरा मागं रेलली, डीचं पोट एका बाजूला आलं. एवढे दिवस ज्या दोन अक्षरांसाठी या माणसानं जिवाचं रान केलं, तीच दोन अक्षरं अख्ख्या बोर्डात वाकडी. बबनशेठ चहाचे ग्लास घेऊन खाली उभे होते, म्हणाले, पेंटर, तेवढं सरळ करून टाक. मी म्हणालो, न्हाई, चिठ्ठीत हाय तेच झालंय.

मग मी कोपऱ्यात सही केली. सर खालून बघत होते. म्हणाले, "सही इतकी आत का घेतली? नेहमी कडेला करता."

मी म्हणालो, कड गंजते.

"आणि दुसरं, पेंटर. नवातली सात तुमची आहेत. दोन माझी. एकट्याची सही चुकीची आहे."

मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्या बोर्डावर दुसऱ्याचं नाव मी कधी घातलेलं नाही.

तो बोर्ड बारा-तेरा वर्षं उभा होता. बबनशेठचं आणि सरांचं चांगलं जमलं. सर रोज संध्याकाळी बोर्डासमोर उभे राहून चहा घ्यायचे, अंड्याला शिवायचे नाहीत. आई त्याच खोलीत गेली, सात पावलांच्या आतच, झोपेत. नंतर सर रिटायर झाले आणि जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढारला आपल्या गावी राहायला गेले. टेम्पोत सामान चढवल्यावर मला म्हणाले, येतो. आणि दोन पावलं जाऊन वळून म्हणाले, "ती सही अजून चुकीची आहे."

मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळायचे, त्याला ना मध्य ना दोरी. माझं दुकान बंद झालं. बबनशेठच्या पोरानं हॉटेलला नवा चकचकीत फ्लेक्स लावला आणि जुना पत्रा बबनशेठ स्वतः गाडीत घालून महाळुंग्याला माझ्या घरी घेऊन आले. म्हणाले, भंगारात द्यायला जीव व्हईना. फ्लेक्सवर काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, परत तेच. अंडं उकड.

ते सांगायला मी मुद्दाम पिंपरी पेंढारला गेलो. सर ओट्यावर बसले होते, वही मांडीवर, खिसा पांढरा. शाळा सुटून वर्षं झाली तरी खिसा पांढरा. फ्लेक्सचं ऐकून त्यांनी डोळे मिटले, जसं कुणी गेल्याचं कळावं. मग म्हणाले, "आपला आहे ना?" मी म्हटलं, आहे, पडवीत लावलाय. "सही?" म्हणाले. मी म्हणालो, हाय तशीच. सर हसले. म्हणाले, पेंटर, तुम्ही हट्टी आहात. हे ऐकून मला जे समाधान झालं ते सांगत नाही.

ती शेवटची भेट. पुढच्या थंडीत त्यांच्या पुतण्याचा निरोप आला.

परवा मी पडवीतला पत्रा खाली घेतला. डब्याच्या तळाला पांढरा रंग थोडा होता, तो रॉकेल घालून पातळ केला. हात आता माझाही पहिल्यासारखा सरळ चालत नाही. माझ्या सहीच्या उजव्या अंगाला मी सरांचं नाव घातलं, आणि ते त्यांच्या ई आणि डीइतकंच वाकडं आलं. नाव इथं लिहीत नाही. कुणाला वाचायचं असेल त्यानं पडवीत येऊन वाचावं.

जागा मात्र बरोबर पुरली. एक बोट इकडं नाही, तिकडं नाही. पुरायचीच. त्या रविवारी सही आत घेतली तेव्हाच मी मोजून सोडली होती.